रॅमचे ब्रँड पाच, मग दर सगळीकडे एकच कसा? (शाळेच्या लॅबचं कोटेशन अडकलंय)

जामसंड्याचा_संगणकवाला

नमस्कार मंडळी. देवगडला माझं छोटं दुकान आहे. असेम्ब्ली, रिपेअरिंग, सीसीटीव्ही, आणि मोसमात आंबावाल्यांची बिलिंगची कामं. तालुक्यातल्या एका हायस्कूलने गणपतीनंतर लॅबसाठी दहा मशिनचं कोटेशन मागितलं होतं. मी दिलं. समितीची सभा कोरमअभावी लांबत गेली, आणि मंजुरीचं पत्र हातात आलं तोवर रॅम दुपटीच्या वर गेली होती. एसएसडीही तिच्या मागोमाग. सुधारित कोटेशन घेऊन गेलो तर अध्यक्षांनी भर सभेत मला साठेबाज ठरवलं.

अध्यक्ष स्वतः बागायतदार. त्यांनी कणकवली, कुडाळ, कोल्हापूर सगळीकडे फोन फिरवले. भाचा मुंबईला असतो, त्याला लॅमिंग्टन रोडला पिटाळलं. पाच-पन्नास रुपये इकडेतिकडे, बाकी सगळीकडून तोच आकडा. मग मला म्हणाले, "तुझ्या यादीत पाच कंपन्यांच्या रॅम आहेत. पाचही जण एकदमच भाव दुप्पट करतात म्हणजे वाशीच्या दलालांसारखी ह्यांची गट्टी आहे. आणि तू त्यांचाच माणूस."

आता मी त्यांचा माणूस असतो तर देवगडात बसून माऊसच्या वायरी बदलत बसलो असतो का? पण त्यांचा प्रश्न डोक्यात राहिला. खरोखर गट्टी आहे का? आणि दुसरं, धंद्यातल्या लोकांनी सांगा, आत्ताच घ्यायला लावू की मे महिन्यापर्यंत थांबवू?

कट्ट्यावरचो_पिंट्या

आमच्या कुडाळात पण तीच बोंब आसा. डिस्ट्रिब्युटर सकाळी एक दर सांगता, दुपारी 'स्टॉक नाय' म्हणता नि सांजेक दुसरोच दर. अध्यक्षांका सांग, हापूसच्या पयल्या पेटयेचो भाव तुमी कसो ठरवतास ता आदी सांगा, मगे मी रॅमचो सांगतंय.

बहादूरशेख_नाका

चिपळूणात १९९७ पासून ह्याच धंद्यात आहे, तेव्हा जरा लांबण लावतो. घाई असेल त्याने खाली सरकावं.

अध्यक्षांना आधी हे सांग की यादीत पाच कंपन्या नाहीत, पाच स्टिकर आहेत. किंग्स्टन, कॉर्सेअर, एडाटा, जी.स्किल ही मंडळी मेमरीची चिप बनवत नाहीत. चिप विकत घेतात, पट्टीवर बसवतात, तपासतात, डब्यात घालतात. साधी पट्टी घे आणि वरच्या काळ्या चौकोनांवरची अक्षरं भिंगाने वाच. काहीजण आपलंच नाव छापून घेतात, पण आत बहुतेक वेळा सॅमसंग, एसके हायनिक्स नाहीतर मायक्रॉन. जगातल्या डीरॅमचा (रॅममधल्या ह्या चिपा म्हणजेच डीरॅम) नव्वद टक्क्यांहून जास्त धंदा ह्या तिघांचा. तैवानची नान्या आहे, चीनची सीएक्सएमटी जोर धरतेय, पण दर हलवतात ते हेच तिघे. तू, मी, कुडाळचा पिंट्या आणि लॅमिंग्टन रोडचा शेठ, आपण भांडतो ते शेवटच्या दोन-तीन टक्क्यांसाठी. अध्यक्षांच्या भाच्याला सगळीकडे एकच आकडा मिळाला, कारण आपल्या पातळीवर स्पर्धा इतकी आहे की कोणाकडे कमी करायला काही उरलेलंच नाही.

मी दुकान टाकलं तेव्हा पट्टीवर किती नावं दिसायची! हिताची, एनईसी, तोशिबा, सिमेन्स, ह्युंदाई, एलजी, मित्सुबिशी. मग एकेक गळत गेलं. हिताची आणि एनईसीने १९९९ मध्ये आपापली मेमरी एकत्र करून एल्पिडा काढली, मित्सुबिशीची नंतर तिच्यातच गेली. एलजीची ह्युंदाईने घेतली आणि तिची पुढे हायनिक्स झाली. सिमेन्सची इन्फिनिऑन, इन्फिनिऑनमधून क्विमोंडा. जानेवारी २००९ मध्ये क्विमोंडाचं दिवाळं वाजलं. २०१२ मध्ये एल्पिडा बुडाली, पुढच्या वर्षी ती मायक्रॉनने घेतली. तेव्हा मेमरी मातीमोल दराने मिळत होती आणि आपण खूश होतो. बनवणारे मात्र त्यातच मरत होते. त्यातून जे तिघे वाचले ते शहाणे होऊन वाचले.

वाशीची उपमा म्हणून लागू होत नाही. वाशीत विकणारे हजारो आणि घेणारे मोजके, शिवाय पिकलेला आंबा थांबत नाही. म्हणून बागायतदार हरतो. इथे विकणारे तीन, घेणारे अख्खं जग, आणि माल थांबवता येतो. २०२२ च्या अखेरीस दर कोसळले तेव्हा मायक्रॉन आणि हायनिक्सने उत्पादन आवरतं घेतलं. सॅमसंग अडून बसली होती, तिनेही एप्रिल २०२३ मध्ये कपात जाहीर केली. हे सगळं उघडपणे, वर्तमानपत्रात. बंद खोलीत बसायची गरजच नाही. तीन माणसं एकाच टेबलाला असली की एकमेकांची पानं न बघताही खेळ कळतो.

आता पुराची गोष्ट. चिपळूणकराला पूर काय ते सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तळमजल्याची दुकानं पार बुडाली, माझंही. मदरबोर्डांवरचा गाळ ब्रशने काढत बसलो होतो, आणि त्यातला एकही पुढे धड चालला नाही. पण आमच्या पुराने जगातला हार्डडिस्कचा दर पैशानेही हलला नाही, हलणार तरी कसा?

त्याच्या दहा वर्षं आधी, ऑक्टोबर २०११ मध्ये, थायलंडला पूर आला. बँकॉकच्या उत्तरेला अयुथयाच्या पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. वेस्टर्न डिजिटलचा बांग पा-इनचा कारखाना बुडाला. डिस्कची तबकडी फिरवते ती मोटर बनवणारी जपानी कंपनी निडेक, जगातल्या बहुतेक डिस्कांना मोटर तिचीच, आणि तिचेही कारखाने तिथेच. सीगेटचे कारखाने कोरडे राहिले, पण सुटे भाग तिलाही पुरेनात. मी दसऱ्याला ५०० जीबीची डिस्क ज्या दराने विकली, नाताळात तिचे दुप्पट घेत होतो आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खात होतो.

दर वाढला ह्याचं मला काही वाटलं नाही. माल नव्हता, वाढणारच. चक्रावलो तो वॉरंटी बघून. त्याच डिसेंबरात सीगेटने आपल्या बॅराकुडा डिस्कांची वॉरंटी एका वर्षावर आणली, आणि वेस्टर्न डिजिटलने ब्लू आणि ग्रीन डिस्कांची तीनाची दोन वर्षं केली. कारखाना बुडाला हे मान्य, पण वॉरंटी कशी भिजली ते मला कोणीतरी समजावा. उत्तर त्याच काळातल्या बातम्यांत होतं. डिसेंबर २०११ मध्ये सॅमसंगचा हार्डडिस्कचा धंदा सीगेटकडे गेला, मार्च २०१२ मध्ये हिताचीचा वेस्टर्न डिजिटलकडे. युरोपीय आयोगाने अट घातली म्हणून साडेतीन इंची डिस्कचा काही भाग तोशिबाच्या पदरात पडला, नाहीतर त्या डिस्कांत दोघेच उरले असते. गिऱ्हाईक रागावून जाणार कुठे, हे कळलं की वॉरंटी पहिली कापली जाते. मी तेव्हापासून दराआधी वॉरंटीचा कागद बघतो. स्पर्धा किती शिल्लक आहे ते त्यावर कळतं.

जामसंड्याचा_संगणकवाला

काका, हे सगळं जसंच्या तसं वाचून दाखवतो सभेत. पण एक अडलं. प्रोसेसरमध्ये तर तीनही नाहीत, इंटेल आणि एएमडी दोनच. तिथे दर एवढे पिसाळत नाहीत, उलट त्याच पैशात आता जास्त कोर मिळतात. मग तीन वाईट आणि दोन बरे, असं कसं?

बहादूरशेख_नाका

चांगलं विचारलंस. मेमरी ही मेमरीच असते, सॅमसंगची काढून मायक्रॉनची लावली तर मुलांना फरक कळत नाही. म्हणून तिथे एकच झगडा, दराचा. आणि दराच्या झगड्यात सगळेच मरतात हे ठाऊक असल्याने तो झगडा फारसा होत नाही. प्रोसेसर वेगवेगळे असतात, तिथे पुढे जाता येतं.

पण दोघे असून भागत नाही, दोघंही उभे पाहिजेत. आयबीएमने १९८१ चा पीसी काढला तेव्हा इंटेलची ८०८८ चिप घेतली, पण दुसरा पुरवठादार हवाच असा आग्रह धरला. म्हणून १९८२ मध्ये एएमडीला इंटेलची चिप बनवायचा परवाना मिळाला. आज एएमडी दिसते ती त्या एका गिऱ्हाइकाच्या हट्टाने. पुढे ३८६ ह्या नव्या चिपच्या वेळी इंटेलने हात आखडता घेतला, कोर्टकचेऱ्या झाल्या, एएमडीने १९९१ मध्ये स्वतःची ३८६ आणलीच.

मधली वर्षं आठव. एएमडी आडवी पडली होती. २०११ ते २०१७ मी इंटेलचे किती आय५ बसवले असतील, पिढी दुसरी असो की सातवी, कोर चारच. आय३ ला दोनच. गिऱ्हाईक विचारायचं, "नवीन काय आहे?" मी म्हणायचो, "डबा." मार्च २०१७ मध्ये एएमडीचा रायझन आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आठव्या पिढीचा आय५ सहा कोरांचा झाला, आय३ चार कोरांचा, साधारण त्याच किमतीत. इतकी वर्षं न जमलेलं सात महिन्यांत कसं जमलं? चिप काही सात महिन्यांत आखून होत नाही, म्हणजे तयारी होती. बाहेर काढायची निकड नव्हती.

शिरोडा_ते_हिंजवडी

चिप डिझाइनमध्ये काम करतो, मूळचा शिरोड्याचा. काकांचं बरंचसं पटतं, पण तिघांना सरसकट खलनायक करू नका. आधुनिक फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, उभारायला अब्जावधी डॉलर लागतात आणि उत्पादन सुरू व्हायला काही वर्षं. आज दर चढले म्हणून उद्या कोणी चौथा उभा राहू शकत नाही. आणि उभा राहीपर्यंत दर पडलेले असतात, क्विमोंडाचं तेच झालं. नफ्याची वर्षं काढली नाहीत तर तोट्याच्या वर्षांत हेही जातील.

सध्याचं कारण एआय सर्व्हरचं आहे. त्यांना एचबीएम नावाची थरावर थर रचलेली मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेला ती पीसीतल्या साध्या डीडीआर५ रॅमच्या जवळपास तिप्पट वेफर (चिपा कोरायची सिलिकॉनची चकती) खाते. वेफर तेवढेच, मोठं गिऱ्हाईक पैसे आगाऊ मोजतंय, मग देवगडच्या शाळेला काय उरणार? डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आणि जुन्या डीडीआर४ चं उत्पादन तिघेही आवरत असल्याने २०२५ च्या मध्यात काही काळ ती नव्या डीडीआर५ पेक्षा महाग विकली गेली.

आणखी एक. दुकानात ग्राफिक्स कार्डांत एएमडी आणि एनव्हिडिया समोरासमोर असतात, पण दोघांच्या वरच्या चिपा बनतात तैवानच्या टीएसएमसीकडे. एएमडीने आपले कारखाने २००९ मध्येच वेगळे काढले, ते आजचे ग्लोबलफाउंड्रीज, आणि २०१८ मध्ये त्यांनी सात नॅनोमीटरच्या, म्हणजे आणखी बारीक चिपांच्या, तंत्राचा नाद सोडला. टीएसएमसीला चिपवर अतिसूक्ष्म नक्षी उमटवणाऱ्या ज्या ईयूव्ही यंत्रांशिवाय पुढचं पान उलटता येत नाही, ती जगात फक्त नेदरलँड्सची एएसएमएल बनवते. म्हणजे आपल्याकडे शेकड्यांनी दुकानं, मग चार मदरबोर्डवाले, तीन मेमरीवाले, दोन प्रोसेसरवाले आणि शेवटी एक यंत्रवाला. 'स्पर्धा आहे का' ह्याला एक उत्तर नाही, कुठल्या पायरीवर विचारताय ते सांगा.

रत्नागिरी_बार

मी हार्डवेअरवाला नाही, वकील आहे. 'गट्टी' ह्या शब्दापुरतं लिहितो.

झालेली आहे, कागदोपत्री. साधारण १९९९ ते २००२ ह्या काळात मेमरीवाल्यांनी संगनमताने दर ठरवले, असं अमेरिकेच्या न्याय खात्याने लावून धरलं आणि कंपन्यांनी गुन्हा कबूल केला. इन्फिनिऑनला १६ कोटी डॉलर दंड (२००४), हायनिक्सला साडेअठरा कोटी आणि सॅमसंगला ३० कोटी (दोन्ही २००५). काही अधिकारी तुरुंगातही गेले. मायक्रॉनने आधी जाऊन तपासाला मदत केली म्हणून ती दंडातून सुटली. युरोपीय आयोगाने २०१० मध्ये त्याच प्रकरणात मिळून ३३ कोटी युरोंहून जास्त दंड लावला.

पण २०१८ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी ह्याच तिघांवर नवा दावा लावला, तो टिकला नाही. अपिलातही २०२२ मध्ये फेटाळला गेला. कारण दर एकाच वेळी वाढले एवढ्याने करार सिद्ध होत नाही. काका म्हणतात तसं एकमेकांकडे बघून खेळणं आणि मिळून ठरवणं ह्यात कायदा फरक करतो. आपल्याकडेही स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ३ करारावर आहे, आणि कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापरावर. दर चढा आहे एवढं त्यांत बसत नाही.

वॉरंटीचा विषय निघालाच आहे तर, इंटेलने २०१६ मध्ये भारतापुरता नियम केला की डबाबंद प्रोसेसर इथल्या अधिकृत वितरकाकडूनच घेतलेला असेल तर इथे वॉरंटी. बाहेरून स्वस्तात आणणाऱ्यांचा रस्ता त्याने बंद होतो, अशी एका आयातदाराची तक्रार होती आणि २०१९ मध्ये स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला. अध्यक्षांना सांगा, चौकशी व्हायला दराहून अशी अट जास्त उपयोगी पडते.

भरडावरची

मालवणात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तुम्ही सगळे पुरुष रॅमवर तुटून पडलाय, शाळेला प्रिंटर पण लागणार ना? खरा खर्च तिथे आहे, आणि तो दर महिन्याला.

माझ्याकडे एचपीचा १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसतात, पण एचपीच्या बहुतेक लेसर प्रिंटरांचं इंजिन १९८४ च्या पहिल्या लेसरजेटपासून कॅननकडून येत आलंय. म्हणून बाजारातल्या डुप्लिकेट कार्ट्रिजच्या डब्यावर '१२ए / ३०३' असं एकत्रच छापलेलं असतं. ह्या कार्ट्रिजला चिप नाही. भोक पाडा, पावडर भरा, ड्रम बदला, चालू. त्यामुळे पावडरवाला, ड्रमवाला, रिफिलवाला मुलगा, सगळे माझ्या मागे लागतात आणि मी भाव पाडून घेते. आख्ख्या दुकानात मला गिऱ्हाईक असल्यासारखं वाटतं ते एवढ्या एका बाबतीत. नवीन मॉडेलांच्या कार्ट्रिजवर चिप आलीय, रिफिल केलं की प्रिंटर रुसतो. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि शाईत वसूल करायचं हा त्यांचा जुना हिशेब.

इंकजेटमध्येही तेच होतं. लोक वैतागून बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडायला लागले, आणि एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीवाला प्रिंटर कंपनीकडूनच काढला. मग बाकीच्यांनाही काढावा लागला. तेव्हा दादा, शाळेसाठी एकतर टाकीवाला घे, नाहीतर बिनचिपचा जुना लेसर शोध. एमआरपीच्या स्टिकरकडे बघू नकोस, एका पानाचा खर्च काढ.

बहादूरशेख_नाका

ताईंनी आमच्या शेकडो ओळींचं काम एका डब्यात केलं.

आता तुझा दुसरा प्रश्न. मे महिन्यात उतरेल असं मी सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याला ते कोटेशनवर लिहून द्यायला सांग. मी असतो तर असं केलं असतं. दहा नव्या मशिनचा हट्ट सोडायचा. चार नवीन, एकेकच आठ जीबीची पट्टी लावून आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवून. बाकी सहा कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेस्कटॉप, आय५ आठव्या पिढीचे, रॅम आणि डिस्कसकट. त्यांतली रॅम जुन्या दराची आहे. निदान कालपर्यंत होती, आता तेही लोक रॅम काढून वेगळी विकायला लागलेत, म्हणून डबा उघडून मोजून घे. सहाव्या-सातव्या पिढीचे कितीही स्वस्त मिळोत, घेऊ नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्यांवर अधिकृतपणे चढत नाही. सर उबुंटूवर शिकवणार असतील तर गोष्ट वेगळी.

देवगडची हवा खारी आहे. जुनी मशिनं लावताना रॅमच्या सोनेरी पिनांना रबर मारून घे, आणि लॅबच्या खिडक्या समुद्राकडे असतील तर कॅबिनेट त्या भिंतीला ठेवू नको.

जामसंड्याचा_संगणकवाला

सभा झाली. चार नवीन, सहा जुने ह्यावर मंजुरी मिळाली. काकांचा वॉरंटीचा मुद्दा अध्यक्षांना इतका आवडला की आता ते जुन्या मशिनला माझ्याकडून तीन वर्षांची वॉरंटी मागतायत! विकणारा मला स्वतः तीन महिन्यांची देतो. काय करू?

बहादूरशेख_नाका

एक वर्ष दे, पण एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि डिस्क वगळून, आणि ते कोटेशनवर ठळक लिही. खाली 'दर फक्त आजच्या दिवसापुरता, ऑर्डरसोबत साठ टक्के आगाऊ' हेही. पुन्हा कोरम झाला नाही तर भुर्दंड त्यांचा.